सेलरी मोडतानाचा आवाज

जून लागला की आमच्या किचनच्या मागच्या दाराशी कोबीचे आणि सेलरीचे खोके वाढतात. म्हाताऱ्या माणसांना थंडीत सूप लागतं, दुपारीही आणि संध्याकाळीही. इथे ऑस्ट्रेलियात जूनला हिवाळा. वॉलॉंगॉंगची थंडी तशी बेताची, समुद्र शेजारीच आहे. पण सकाळी गाडीची काच पुसताना बोटं बधिर होतात, आणि पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्सची वाफ एरवीपेक्षा जाड दिसते. कोबीचं मला काही वाटत नाही. सेलरीचे जाड, शिरांचे दांडे धुवायला घेतले की मात्र हात सावध होतात. इथल्या मुली अख्खी जुडी दोन्ही हातांत धरतात आणि पिळून मोडतात, उगाच सुरी कशाला भिजवा म्हणून. ओला, कडकड आवाज होतो. मी मान खाली घालते. शेजारची विचारते, "यू ओके, फिल?" मी म्हणते, "नो वरीज," आणि माझी जुडी सुरीने कापते.

फिल म्हणजे फिलोमिना, वसईची. शिक्षण नववी, तीही पुरी नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे एखादं वाक्य लंगडलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नवरा वेल्डर, त्याच्यामागून या देशात आले, आणि म्हाताऱ्यांच्या या होमने मला किचनमध्ये घेतलं. अर्जातला शिक्षणाचा रकाना मी कोरा सोडला होता. मॅनेजरबाईंनी तो पाहिला, मग माझे हात पाहिले, आणि म्हणाल्या, "सोमवारी ये." त्या सोमवारचे उपकार मी अजून विसरलेली नाही. उपकाराखाली असलेल्या माणसाला सारखी धास्तीही असते. आज ना उद्या कोणीतरी तो रकाना पुन्हा उघडेल असं वाटत राहतं.

मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहितेय तो करोनाचा पहिला हिवाळा. होमचा जेवणाचा हॉल बंद झाला. मुलं, नातवंडं बाहेरच्या बागेत उभी राहून काचेवर तळवे टेकवायची, आतून म्हातारे टेकवायचे. जेवण खोलीखोलीत द्यायचं ठरलं आणि माणसं कमी पडली, म्हणून किचनमधल्या आम्हांलाही मास्क, एप्रन, हातमोजे चढवून ट्रे घेऊन पाठवायला लागले. प्रत्येक ट्रेवर कार्ड असतं. कोणाला घट्ट चालतं, कोणाला वाटलेलंच. मी ते तीनदा वाचायची. चुकून घट्ट घास गेला आणि घशात अडकून कोणी मेलं तर? दहा मिनिटांच्या वर कोणाच्या खोलीत थांबायचं नाही असा नियम होता. मी नियम मोडणारी बाई नाही. तो फक्त बेरिलच्या खोलीत मोडला.

बेरिल चौऱ्याण्णव वर्षांची. हाडांचा सापळा, पण आवाज जाडा, पुरुषी. पहिल्याच दिवशी ट्रे ठेवला तर सूप चाखून म्हणाली, "ह्यात कोबी आहे. मी ह्याचे किती खून केलेत माहितीय तुला, लव?"

लव म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांचं 'बाळ'. मला वाटलं, डोकं गेलंय बिचारीचं. गेलं नव्हतं. महायुद्धाच्या वेळी ती सिडनीतल्या एका रेडिओ स्टुडिओत कामाला होती. चौदाव्या वर्षी शाळा सोडली, सोळाव्या वर्षी तिथे लागली. माझ्यासारखीच, म्हणून मी टेकले खुर्चीवर. तिथे दर आठवड्याला एक श्रुतिका व्हायची, एका युद्धवार्ताहराची. हा वार्ताहर न्यू गिनीच्या जंगलात सैनिकांबरोबर चिखलात सरपटतो, गोळ्या डोक्यावरून जात असताना वहीत टिपतो, आणि घरोघरच्या लोकांना सांगतो: मी आत्ता इथे आहे, मी हे डोळ्यांनी पाहतोय. अख्खा देश रेडिओला कान लावून बसायचा. सगळं थेट प्रक्षेपण, एकदा गेलं की गेलं. आणि लढाईचे आवाज काढायची बेरिल.

"चामड्याच्या गादीवर वेताची छडी मारली की रायफल," ती सांगायची. "ओलं फडकं फरशीवर आपटलं की चिखलात पडलेला माणूस. अक्रोड मुठीत फोडले की दात. संगीन पोटात जायची तेव्हा कोबी. गड्डा पोटाशी धरायचा आणि मोठा सुरा एका दमात खुपसायचा. मग फिरवायचा. फिरवला नाही तर लोकांना खरं वाटत नाही." पायात बूट घालायचे नाहीत, बुटांचा आवाज येतो, नुसत्या मोज्यांवर उभं राहायचं. कागदांना टाचणी नाही, उलटताना ऐकू येतं. सुरा फिरवताना श्वाससुद्धा नाकाने घ्यायचा. खेळ संपला की भोसकलेले कोबी ती घरी न्यायची, टंचाईचे दिवस, टाकायचं कसं? तिची आई ते उकडायची. "शत्रूची आतडी, मिठाबरोबर," असं म्हणून ती हसली आणि तिला खोकला आला. मी दारात पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

तो वार्ताहर कधी सिडनीच्या बाहेर गेला नव्हता. दम्याचा पेशंट, म्हणून सैन्याने घेतला नाही. खुर्चीत बसून, जाकिटाची बटणं सोडून, गरम चहा पीत तो जंगलात फक्त मरायचा तेवढा बाकी राहायचा.

तिकडे वसईत माझी आई करोनाने हॉस्पिटलात होती.

रोज दुपारी ट्रे परत गोळा करायच्या वेळेला माझा धाकटा भाऊ आंतोन फोन करायचा. तिथे तेव्हा सकाळ असायची. "बाय, ऑक्सिजन ब्याण्णव आहे. पेज प्याली दोन चमचे. तुझी आठवण काढली, हसली." रोज असंच. पेज प्याली, हसली. सहाव्या दिवशी मी विचारलं, "हसली म्हणजे? तू पाहिलीस हसताना?"

"वॉर्डबॉय सांगतो ना."

"आणि तू कुठे असतोस?"

"गेटवर. आत सोडत नाहीत गो कोणाला."

म्हणजे सहा दिवस त्याने आईला पाहिलंच नव्हतं. तिचा साधा फोन दुसऱ्याच दिवशी बंद पडला होता, चार्जर घरी. मी बेरिलला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझा भाऊ आमच्या वार्ताहराच्याच जातीचा. स्टुडिओत बसून लढाई सांगतो." मला राग आला. मग वाटलं, बिचारा गेटवर उभा राहून दुसरं काय सांगणार? विमानं बंद, हा देश आतल्यालाही बाहेर सोडत नव्हता. मी तर गेटवरही नव्हते.

त्या आठवड्यात एकदा बेरिलने मला सेलरी आणायला लावली. "नुसते दोन दांडे, तुला काहीतरी दाखवते." मी एप्रनच्या खिशात लपवून नेले. तिने ते हातात धरले, माईक असावा तसे तोंडासमोर, आणि पिळले.

"हाड," ती म्हणाली. "कैद्याची चौकशी चालू असते तेव्हा. ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. मी खाली बसले होते, फरशीवर, पाठ भिंतीला. मला कळलंही नाही कधी बसले ते.

हा आवाज मी चौदा वर्षांची असताना ऐकला होता. रविवारी दुपारी, फळ्यांच्या भिंतीपलीकडून.

आमच्याकडे रविवार असा असायचा: सकाळी मिस्सा, मग मटण, मग बाबांची बाटली. जेवणं झाली की आई मला आणि आंतोनला आतल्या खोलीत चटईवर निजवायची. "झोपा गप. चारला उठवते," म्हणायची आणि कडी लावायची. मग सुरू व्हायचं. पट्टा हवेत फिरला की एक आवाज येतो आणि अंगावर पडला की दुसरा. पाठीवर पडला की वेगळा, पोटरीवर वेगळा. डोकं फळीवर आदळलं की आमच्या बाजूचा येशूचा फोटो खिळ्यावर हलायचा. बाबा शिव्या द्यायचे, धापा टाकायचे. शेजारचे लोक रेडिओ मोठा करायचे. आणि आईचा आवाज नाही. एक हुंदकासुद्धा नाही. कधीच नाही.

चार वाजता कडी निघायची. आई चहा घेऊन उभी, केस नीट विंचरलेले, पदर दोन्ही खांद्यांवरून. "छान झोपलात ना?" आम्ही डोळे चोळायचो. आंतोन तर जांभई द्यायचा, त्याला फार छान जमायची. आणि मी कडीचा आवाज यायच्या आधीच गाल चटईवर दाबून धरायची, जोर लावून, म्हणजे गालावर काड्यांचे वळ उठतात. ते वळ पाहिले की आईचा चेहरा सैल व्हायचा. तेवढ्यासाठी मी गाल दुखेपर्यंत दाबायची.

ती पुढे बायकांत सांगायची, अभिमानाने: "आमच्यात काय व्हायचं ते झालं, पण माझ्या पोरांच्या कानावर मी कधी काही जाऊ दिलं नाही." बाबा जाऊन बारा वर्षं झाली तरी सांगायची. तिच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ती एकच कमाई होती. आम्ही तिला ती खर्चू दिली.

ज्या रविवारी सेलरीसारखा आवाज आला त्या रविवारीसुद्धा ती ओरडली नाही. चारला दार उघडलं तेव्हा चहाची किटली डाव्या हातात होती. उजवा पदराखाली. डॉक्टरला म्हणाली, विहिरीवर पाय घसरला. मनगट वाकडंच बसलं. मग पाणी कोण ओढणार, भाकरी कोण थापणार? सोमवारी मी दप्तर घेतलं नाही. नववीचं वर्ष तिथे संपलं. कोणी मला शाळा सोड म्हणालं नाही. कोणी जा असंही म्हणालं नाही.

हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत बेरिलला सांगितलं, फरशीवर बसून, मास्क ओला होईपर्यंत. तिने सेलरी पांघरुणाखाली सरकवली. सॉरी म्हणाली नाही. म्हणाली, "आमच्याकडे पण एक नियम होता."

तो नियम असा. संहितेवर वरचे लोक लाल पेन्सिल फिरवायचे. आपला सैनिक कण्हला तर चालेल, शिवी हासडली तर तीही कधी कधी चालेल. पण मरताना त्याने आईला हाक मारायची नाही. घरोघरी आया ऐकत बसलेल्या असतात.

एका भागात जंगलातली हातघाई होती. वार्ताहर झाडामागून सांगतोय, बेरिल भोसकतेय, एक, दोन, तीन कोबी, छडी, ओलं फडकं, तोंडाने गुरगुर, कोपराने पत्रा. स्टुडिओभर पानं उडतायत. तिसरा सुरा आपल्या पोराच्या पोटात. इथे त्या नटाने कण्हायचं. त्याच्या हातातला कागद पडला. तो वाकून शोधतोय. सगळा देश कान लावून बसलाय आणि रेडिओवर काहीच नाही. बेरिल माईकच्या सर्वांत जवळ होती, सुरा कोबीत मुठीपर्यंत. तिच्या जाड्या, पोरासारख्या आवाजात तिच्या तोंडून गेलं: "मम." म्हणजे आई. आणि मग पुन्हा, लहान होत होत, "मम."

पुढच्या आठवड्यात एक बाई स्टुडिओत आली. आतल्या भागातून, लांबचा प्रवास करून, टोपी घालून, पर्समध्ये न्यू गिनीत मेलेल्या मुलाचा फोटो. तिला वार्ताहराला भेटायचं होतं, कारण तो तिथे होता ना. त्याने तिला बसवलं, चहा दिला. फोटो पाहिला आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "हो. मी जवळच होतो. एका क्षणात गेला तो, त्याला काही कळलंसुद्धा नाही."

बाई म्हणाली, "मग मला हाक कोणी मारली?"

"त्याने माझ्याकडे पाहिलं," बेरिल म्हणाली. "मी दारात उभी, हाताला कोबीचा वास, पायात नुसते मोजे. मी मोज्यांकडे बघत राहिले. बाई निघून गेली."

"तू सांगायला हवं होतंस," मी म्हटलं.

"काय सांगू? ती हाक माझी होती म्हणून? म्हणजे तिचा मुलगा पुन्हा मेला असता, आणि ह्या वेळी तिची आठवण न काढता."

"मग नाही सांगितलंस तेच बरं."

"बरं? मग ती बाई मरेपर्यंत ती हाक ऐकत बसली असेल, लव. उठून जाता येत नाही आणि पोरगं हाका मारतंय." तिने सूपचा वाडगा बाजूला ढकलला. "सत्त्याहत्तर वर्षं झाली. रोज एकेक बाजू घेऊन पाहते. तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार? तिच्या निम्मंही वय नाही माझं. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती. मॅनेजरबाई कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं नाही. तेही मी उपकारांत धरते.

पण त्या दिवसापासून मला आणखी एक काळजी लागली. आई गेली तर ती हे धरून जाणार की पोरांनी काही ऐकलं नाही. खोटं धरून. आणि मी सांगितलं तर तिच्या हातात काय उरतं? भांडी विसळताना, बस स्टॉपवर, नवऱ्याच्या डब्याला पोळ्या लाटताना मी दोन्ही बाजू घेऊन पाहायची.

आई हॉस्पिटलात गेल्याच्या तेराव्या दिवशी दुपारी फोन वाजला, नंबर अनोळखी. वॉर्डातल्या एका सिस्टरने आपला स्वतःचा फोन दिला होता. "दोन मिनिटं बोला ताई. त्यांना फार बोलायला लावू नका." त्या मुलीचं नाव मी विचारलंच नाही, याची आजही लाज वाटते. मी कोरड्या सामानाच्या खोलीत शिरले आणि दार लावून पिठाच्या पोत्यावर बसले. पलीकडे पाण्यातून बुडबुडे निघावेत तसा ऑक्सिजनचा आवाज येत होता, आणि त्याच्या मागून आई.

"जेवलीस गो?"

"जेवले. तू?"

"इथे... कळ येते. छातीत. पाठीत." एकेक शब्द ओढून आणत होती. "पण मी काही... बोलत नाही. बाजूच्या बायका... घाबरतात."

तिथेच काहीतरी तुटलं माझं. तिथेसुद्धा! मरणाच्या दारात, अनोळखी बायकांत पडून, तिथेसुद्धा दात आवळून गप.

"आई, आम्ही ऐकायचो," मी म्हटलं. "मी आणि आंतोन. रविवारी. सगळं ऐकायचो."

नुसते बुडबुडे.

"मी आवाज... नव्हता केला."

"तू नव्हता केलास. पट्ट्याचा यायचा."

"आंतोनपण?"

"तोपण."

"आणि हात... मोडला तेव्हा?"

"तेव्हापण, आई."

मला वाटलं फोन कटला. मी हॅलो म्हणणार तेवढ्यात ती बोलली, आणि तिच्या आवाजात दुःख नव्हतं, राग होता, बाजारात फसवली गेलेल्या बाईचा असतो तसा. "मग मी... कशाला गो एवढं दाबून धरलं?"

आणि ती ओरडली. मला वाटतं तोंडावरचा मास्क तिने ओढून काढला असणार. असा आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. डुकराच्या गळ्यावर सुरी ठेवतात तेव्हा ऐकलाय. भांडं पडलं. कोणीतरी धावलं. सिस्टर फोनवर आली: "काय सांगितलंत हो तुम्ही त्यांना? ऑक्सिजन खाली चाललाय त्यांचा!" मागे आई बाबांचं नाव घेत होती, आईवरून, बहिणीवरून शिव्या देत होती, श्वास संपला की थांबत होती, मिळाला की पुन्हा ओरडत होती. मग फोन बंद झाला.

मी पोत्यावरच बसून राहिले. मी आईला मारलं. दहा हजार किलोमीटरवरून, दोन मिनिटांत, बाबांना सगळ्या आयुष्यात जमलं नाही ते.

बेरिलला सांगितलं तेव्हा तिने माझा हातमोजा घातलेला हात धरला. शेवटी एवढंच विचारलं, "मोठ्याने ओरडली?" मी मान डोलावली. "चांगला जोर असणार छातीत," ती म्हणाली. तिने आयुष्यभर आवाजच तोलले होते, म्हणून मी त्या वाक्याला धरून दोन दिवस काढले. ती त्याच हिवाळ्यात गेली, झोपेत, करोनाने नव्हे. तिची खोली पुसायला मी स्वतःहून गेले.

आंतोनचा फोन त्या दोन दिवसांत लागत नव्हता. लागला तेव्हा म्हणाला, "बाय, आई ओरडत होती म्हणे वॉर्डात. दोन तास. वॉर्डबॉय विचारतो, म्हातारीला इतक्या शिव्या कोणी शिकवल्या?"

"आणि आता?"

"आता झोपलीय म्हणतात." या वेळी तो हसली म्हणाला नाही, आणि म्हणूनच मी विश्वास ठेवला.

बाविसाव्या दिवशी त्यांनी तिला सोडलं. डॉक्टरांनी औषधाचं नाव घेतलं, आमच्या फादरांनी देवाचं. मी दोघांचीही ऋणी आहे. त्या दुपारी सूपचं मोठं पातेलं घासत असताना आंतोनचा फोन आला, आणि त्या सगळ्या दिवसांत त्याने डोळ्यांनी पाहून दिलेली पहिली बातमी ती.

"बाय, रिक्षात बसवताना पाय अडकला तिचा दांड्यात. केवढ्याने ओरडली! गेटवरची सगळी माणसं वळली."

"फार लागलं?"

"कुठचं! खरचटलंय जरासं." रिक्षाचं इंजिन ऐकू येत होतं. "बाय, मी आईला ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं गो."

"कशी आहे आता?"

"अजून ओरडतेय," तो म्हणाला, आणि त्याने फोन तिच्या तोंडाजवळ धरला.